कुठल्या उजेडात बघितलं, तेही रिपोर्टवर लिहा

शाळेत नाहीतर कॉलेजात ज्यांनी बायोलॉजी केलंय त्यांनी स्नायूच्या धाग्याची आकृती कधीतरी काढलेली असणारच, एक गडद पट्टा, एक फिकट पट्टा, मग परत गडद, आणि बाजूला बाण मारून ए बँड, आय बँड. मार्कांपुरतं पाठ करायचं आणि सोडून द्यायचं. मीपण तेच केलं होतं. ए म्हणजे अ‍ॅनआयसोट्रॉपिक आणि आय म्हणजे आयसोट्रॉपिक हे मला कळलं ते खूप नंतर, रोज मायक्रोस्कोपवर बसायला लागल्यावर. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट ब्रुके नावाच्या शास्त्रज्ञानं स्नायूचे धागे पोलराइज्ड लाइटखाली ठेवून बघितले, तर एक पट्टा चमकून उठला आणि शेजारचा काळाच राहिला, त्यावरून पुढे ही नावं रुळली. म्हणजे जी अक्षरं आपण घोकून पाठ केली त्यांच्यातच बघणाऱ्यानं कुठल्या उजेडात बघितलं ते लिहून ठेवलंय.

आणि आज आपण पेशंटच्या हातात जो रिपोर्ट देतो त्यावर ते लिहिलेलं नसतं. "क्रिस्टल दिसले नाहीत", "अमायलॉइड नाही", एवढंच असतं. माझं म्हणणं असं आहे की ही ओळ अर्धी आहे. साध्या उजेडात बघितलं की पोलराइज्ड लाइटमध्ये, स्लाइड फिरवून बघितली का, स्टेन, म्हणजे स्लाइडला दिलेला रंग, कुठला होता, हे त्याच ओळीत आलं पाहिजे आणि ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता नियमानं आलं पाहिजे. कारण काही गोष्टी अशा आहेत की साध्या उजेडात त्या डोळ्यासमोर असूनही दिसत नाहीत, आणि तिथे "दिसलं नाही" आणि "नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या प्रकाशात लहरींची कंपनं सगळ्या दिशांनी चाललेली असतात, पोलरायझर नावाचा फिल्टर त्यातली एकाच दिशेची पुढे सोडतो. त्याच्यापुढे दुसरा फिल्टर, ज्याला अ‍ॅनालायझर म्हणतात, तो बरोबर काटकोनात आडवा ठेवला की काहीच पलीकडे जात नाही, मायक्रोस्कोपमध्ये मिट्ट काळोख होतो. आता या दोघांच्या मध्ये टिश्यूचा पातळ काप ठेवा. पेशीतलं पाणी, जेलीसारखा भाग, हे सगळं काळंच राहतं. पण जिथे रेणू ओळीनं रचलेले आहेत, कोलॅजेन, स्नायू, नसांवरचं मायलिनचं वेष्टन, बरेचसे स्फटिक, तिथे प्रकाश दोन भागात वाटला जातो, दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगानं जातात आणि बाहेर पडताना अ‍ॅनालायझरला चुकवून थोडा उजेड वर येतो. याला पुस्तकात द्विअपवर्तन म्हणतात, लॅबमध्ये सगळे बायरिफ्रिंजन्सच म्हणतात. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची चकती, फिरवत गेलं की तोच धागा एका फेरीत चार वेळा उजळतो आणि चार वेळा विझतो. रंगाचा साधा डाग असं करत नाही. ज्यांना करून बघायचंय त्यांनी लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पांढरा ठेवावा, त्याचा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो, त्याच्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकची डबी धरावी आणि पोलराइज्ड गॉगल तिरका करून त्यातून बघावं, डबीच्या कोपऱ्यात जिथे ताण आहे तिथे रंगांचे पट्टे दिसतील.

हे काही नवीन नाही हो. बार्थोलिननं आइसलँडच्या कॅल्साइटमधून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात हे १६६९ मध्ये लिहिलं, निकोलचा प्रिझम १८२८ चा, आणि एडविन लँडनं १९२९ मध्ये फिल्मसारख्या पोलरायझरच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हापासून तर महागड्या स्फटिकाचीही गरज उरली नाही. फिल्मचे दोन तुकडे पुरतात. म्हणून अडचण पैशाची आहे असं मला कुणी सांगितलं की पटत नाही.

मी नवीन असताना गुडघ्यातून काढलेलं पाणी तपासायला आलं होतं. सुजलेला, लाल झालेला गुडघा, क्रिस्टल आहेत का बघा असं कागदावर लिहिलेलं. मी थेंब स्लाइडवर घेतला, कव्हरस्लिप ठेवली, साध्या उजेडात सगळी स्लाइड नीट फिरून बघितली, पेशी भरपूर होत्या, बाकी काही नाही, आणि मी तसं लिहून टाकलं. रिपोर्ट गेला. दुपारी मॅडमनी स्लाइड सहज उचलली आणि विचारलं, "पोलराइज केलं होतंस का गं?" मी गप्प. पोलरायझर खालच्या ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवलेला होता आणि तो तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी तो लावला, खोलीतला लाइट बंद केला, आणि काळ्या पडद्यावर सुया दिसल्या. बारीक, टोकदार, काही तर पांढऱ्या पेशीच्या पोटात आरपार गेलेल्या. मग त्यांनी रेड प्लेट, म्हणजे क्रिस्टलला त्याच्या दिशेप्रमाणे रंग देणारी पट्टी, सरकवली, काळोखाचा किरमिजी झाला, प्लेटच्या स्लो अ‍ॅक्सिसला, म्हणजे ज्या दिशेची कंपनं प्लेटमधून हळू जातात त्या दिशेला, समांतर असलेली सुई पिवळी आणि तिला आडवी असलेली निळी. स्टेज नव्वद अंश फिरवली तर पिवळीची निळी झाली आणि निळीची पिवळी. युरेट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक. म्हणजे गाऊट, ते सांध्यात साचून होणारा आजार. त्यांनी मला ओरडलं नाही, डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि सुधारलेला रिपोर्ट पाठवला. तो अर्धा दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण माझी मूळ ओळ वाचून कुणालाही हा प्रश्न विचारता आला नसता. ओळ ठाम होती, आणि बघणं अपुरं होतं हे त्या ओळीत कुठेच दिसत नव्हतं.

ही पद्धत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिली. त्यात रंगाची दिशा का महत्त्वाची ते बघा. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे, म्हणजे ज्याला सूडोगाऊट म्हणायचे त्याचे स्फटिक आखूड असतात, बरेचदा चौकोनासारखे तिरके, मिणमिणते, आणि त्यांचा रंग बरोबर उलटा, स्लो अ‍ॅक्सिसला समांतर असताना निळा. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिड कमी ठेवायचं औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागू शकतं, दुसऱ्या आजारात त्या औषधाचा उपयोग नाही. म्हणजे एका सुईच्या रंगावरून कुणाच्या तरी पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्या ठरतात. आणि सांध्यात आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या औषधाचे कणसुद्धा पोलराइज्ड लाइटमध्ये चमकतात, त्यामुळे चमकलं म्हणजे झालं असंही नाही. शिवाय क्रिस्टल सापडले म्हणून इन्फेक्शन नाही असंही नाही, दोन्ही एकत्र असू शकतात.

दुसरं उदाहरण मला याहून जास्त अस्वस्थ करतं. मॅमोग्राफीत छातीत कॅल्सिफिकेशनचे ठिपके दिसतात, बायोप्सी होते, आणि पॅथॉलॉजिस्टला नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या स्लाइडवर एकही ठिपका सापडत नाही. मग शंका सुरू, चुकीच्या जागेचा तुकडा आला का, परत सुई घालायची का, आणि ज्या बाईची बायोप्सी झाली ती घरी वाट बघतेय. खूपदा कारण एवढंच असतं की ते कॅल्शियम ऑक्झलेट आहे, फॉस्फेट नाही. फॉस्फेट निळसर-जांभळं रंगतं, ऑक्झलेट रंगच घेत नाही, काचेसारखं बिनरंगी पडून राहतं. पोलरायझर लावला की तेच लख्ख पेटतं. हा प्रकार बहुतेक वेळा कॅन्सर नसलेल्या बदलांबरोबर सापडतो, म्हणजे शोध लागला तर दिलासा देणारी गोष्ट आहे ही. "कॅल्सिफिकेशन दिसलं नाही" या ओळीपुढे "पोलराइज्ड लाइटमध्ये बघूनही" हे शब्द आहेत की नाहीत यावर दुसरी बायोप्सी होणार की नाही ते अवलंबून असू शकतं.

आता अमायलॉइड. फिरशॉनं १८५४ मध्ये हे नाव दिलं ते स्टार्चसारखं वाटलं म्हणून, प्रत्यक्षात ते चुकीची घडी पडलेलं प्रोटीन आहे, हृदयात, किडनीत, नसांमध्ये साचत जातं. काँगो रेड हा मुळात कापड रंगवायचा रंग, तो अमायलॉइडला धरतो हे बेनहोल्डनं १९२२ मध्ये दाखवलं, आणि पोलराइज्ड लाइटमध्ये ते रंगलेलं अमायलॉइड हिरवं चमकतं हे दिव्री आणि फ्लोर्किन यांनी १९२७ मध्ये. शंभर वर्षं होत आली आणि अजूनही हीच चाचणी कसोटीची मानली जाते. पण ती नीट केली तर. काप जाड हवा, ८ ते १० मायक्रॉन, नेहमीच्या ३-४ मायक्रॉनच्या कापात थोडंसं साचलेलं अमायलॉइड निसटतं. दिवा पूर्ण उजेडावर हवा, खोली अंधारी हवी, स्टेज फिरवायला हवी. स्टेन जास्त झाला असेल तर कोलॅजेनही लाल दिसतं आणि फसवतं. आणि पुस्तकातला तो "सफरचंदी हिरवा" शब्द, त्यानं तर फार घोळ घातलाय. अ‍ॅलेक्झांडर हाउई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाचं भौतिकशास्त्र उलगडून दाखवलंय की शुद्ध हिरवा रंग आदर्श परिस्थितीतच मिळतो, लेन्समध्ये जरा ताण असला किंवा फिल्टर किंचित सरकला की हिरव्याबरोबर पिवळा, नारिंगी, निळाही येतो. नवीन मुलं हिरवंच शोधत बसतात, पिवळट-हिरवं दिसलं की नाही म्हणून सोडतात, किंवा उलट पांढऱ्या कोलॅजेनला हिरवं ठरवतात. काही प्रकारच्या अमायलॉइडवर आता औषधं आहेत, त्यामुळे निसटलं तर नुकसान पूर्वीपेक्षा मोठं आहे.

यावर माझे सहकारी जे म्हणतात ते मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात रोज एवढ्या स्लाइड असतात, प्रत्येकीला पोलरायझर लावत बसलो तर रिपोर्ट निघणारच नाहीत, आणि वर चमकणारा कचरा किती असतो, ग्लोव्हजच्या पावडरमधले स्टार्चचे कण क्रॉस दाखवतात, कापसाचे धागे चमकतात, फॉर्मलिनचं, म्हणजे टिश्यू टिकवायच्या द्रावणाचं, पिगमेंट चमकतं, लोक त्यालाच काहीतरी समजतील. बरोबर आहे. पण मी प्रत्येक स्लाइड पोलराइज करा असं म्हणतच नाहीये. मी म्हणतेय की केलं असेल तर लिहा आणि केलं नसेल तर तेही लिहा. साध्या उजेडात बघितलं असं लिहायला काही सेकंद लागतात. आणि कचऱ्याची भीती वाटते ती शिकवलं नाही म्हणून, स्टार्चचा क्रॉस एकदा कुणी शेजारी बसून दाखवला की माणूस आयुष्यात परत फसत नाही.

पोलराइज करूनही चूक होऊ शकते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाऊटची गाठ फॉर्मलिनमध्ये टाकून पाठवली तर युरेट पाण्यात विरघळून जातं, स्लाइडवर नुसते सुयांचे रिकामे ठसे राहतात, मग तुम्ही कितीही पोलरायझर फिरवा. तिथे नमुना अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये यायला हवा होता. म्हणून नमुना कशात आला हेही त्याच ओळीत यायला हवं असं मी म्हणते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे सांध्यात साचणाऱ्या आणखी एका कॅल्शियमच्या क्षाराचे, कण तर या पद्धतीनं ओळखूच येत नाहीत.

लॅबच्या बाहेरही तीच गोष्ट आहे. त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं उपकरण, वापरतात, त्यात पोलराइज्ड आणि नॉन-पोलराइज्ड असे दोन मोड असतात, आणि एकाच तिळाचे दोन फोटो दोन मोडमध्ये काढले तर ते सारखे नसतात. चमकदार पांढऱ्या रेषा, ज्या काही कॅन्सरमध्ये महत्त्वाच्या खुणा असतात, त्या पोलराइज्ड मोडमध्येच दिसतात, उलट काही साध्या वाढीतले बारीक पांढरे दाणे साध्या मोडमध्ये जास्त चांगले दिसतात. आता अशा फोटोंवर कॉम्प्युटरला शिकवायचं चाललंय, हजारो फोटो गोळा करून. फोटोबरोबर मोड नोंदवला नसेल तर ते मशीन शिकणार काय? मोडमधला फरक ते आजारातला फरक म्हणून शिकू शकतं. मला एआयची भीती वाटत नाही, मला त्या रिकाम्या रकान्याची भीती वाटते.

खरं तर त्वचेच्या बाबतीत या प्रकाशाची ताकद फार सुंदर आहे. स्टीव्हन जॅक्स यांच्या गटानं २००० च्या आसपास एक साधी युक्ती वापरली, त्वचेवर पोलराइज्ड प्रकाश टाकायचा, एक फोटो समांतर फिल्टरमधून, एक आडव्या फिल्टरमधून, दोघांची वजाबाकी करायची आणि बेरजेनं भागायचं. खोल जाऊन खूपदा आपटून परत आलेला प्रकाश आपली दिशा विसरलेला असतो, तो दोन्ही फोटोंत सारखाच येतो, म्हणून वजाबाकीत उडतो. राहतो तो फक्त वरच्या थरातून आलेला. भागाकारामुळे वरच्या मेलॅनिनचा परिणामही जातो, त्यांच्या चित्रात त्वचेवरचा मेलॅनिनचा ठिपका अक्षरशः नाहीसा झालेला दिसतो आणि त्याच्याखालची त्वचेची घडण दिसते. दोन फोटो आणि शाळेतलं गणित.

पण जिथे यंत्र मोठं होतं तिथे गृहीतकंही लपतात. काचबिंदूसाठी डोळ्याच्या पडद्यावरच्या नसांच्या थराची जाडी पोलराइज्ड लेझरनं मोजायची यंत्रं आली, कल्पना चांगलीच होती, नसांचा थर बायरिफ्रिंजंट असतो. फक्त वाटेतली कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, तीसुद्धा बायरिफ्रिंजंट असते. सुरुवातीच्या यंत्रांनी सगळ्यांच्या कॉर्नियाची दिशा एकसारखी धरून एक ठरावीक दुरुस्ती लावली, आणि माणसांच्या कॉर्निया तशा नसतात, त्यामुळे कित्येकांचे आकडे चुकले. नंतर प्रत्येक डोळ्याची कॉर्निया मोजून दुरुस्ती करायची सोय आली. रिपोर्टवर मात्र रंगीत नकाशा आणि आकडा यायचा, पेशंटला आणि बरेचदा डॉक्टरलाही आत काय धरून चाललंय ते कळायचं नाही.

आत्ता ज्याची चर्चा आहे ते म्युलर मॅट्रिक्स इमेजिंग. प्रत्येक पिक्सेलसाठी १६ आकडे, टिश्यू पोलराइज्ड प्रकाशाचं काय काय करतो त्याचा पूर्ण हिशोब. गर्भाशयाच्या मुखावर, आतड्यावर यावर चांगलं काम झालंय, कारण कॅन्सर वाढताना कोलॅजेनची ओळ मोडते आणि ते या आकड्यांत उतरतं. मला मनापासून वाटतं की यातून बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची हे ठरवायला मोठी मदत होईल. पण "आता बायोप्सीची गरज नाही" अशा बातम्या वाचल्या की काळजी वाटते, कारण त्याच टिश्यूचे आकडे काप किती जाड आहे, फॉर्मलिनमध्ये ठेवला होता का, कुठल्या रंगाचा प्रकाश वापरला, यावर बदलतात. हे सगळं न सांगता नुसता लाल-हिरवा नकाशा दाखवणं मला मान्य नाही.

आणि संशोधकांनीही स्वतःकडे बघावं. पिक्रोसिरियस रेडनं रंगवलेलं कोलॅजेन पोलराइज्ड लाइटमध्ये लाल, पिवळं, हिरवं दिसतं, आणि लाल म्हणजे टाइप वन कोलॅजेन, हिरवं म्हणजे टाइप थ्री असं धडधडीत लिहिलेले पेपर अजून येतात. तो रंग धाग्याच्या जाडीवर, तो किती घट्ट बांधलाय त्यावर आणि तो कसा वळलाय त्यावर ठरतो. तोच धागा फिरवला की दिसणं बदलतं. प्रकार ओळखायचा तर अँटिबॉडी लावा. सर्क्युलर पोलराइज्ड लाइट वापरला की लिनिअर, स्टेज फिरवली की नाही, एवढं न लिहिलेला पेपर संपादकांनी परत पाठवायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

शिनया इनोउए यांनी १९५३ मध्ये जिवंत पेशीत, कुठलाही रंग न घालता, विभागणीच्या वेळचे स्पिंडलचे, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे, धागे दाखवले. तोवर बरेच जण म्हणत होते की हे धागे खरे नाहीतच, पेशी मारून रंगवताना तयार झालेली गोष्ट आहे. त्यांनी वाद मिटवला तो आपलं ऑप्टिक्स काटेकोर ठेवून आणि कसं बघितलं ते इतरांना कळेल असं मांडून. आज आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजाचा स्पिंडल त्याला धक्का न लावता याच प्रकाशात बघतात.

मी माझ्यापुरती ती ओळ लिहायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी एका घोट्यातल्या पाण्याचा रिपोर्ट दिला: "पोलराइज्ड लाइटमध्ये रेड प्लेट लावून बघितलं, क्रिस्टल दिसले नाहीत, नमुना काढल्यावर तिसऱ्या दिवशी तपासला." तासाभरात डॉक्टरांचा फोन आला, तिसऱ्या दिवशी का? मी सांगितलं, मध्ये सुट्टी होती, नमुना पडून राहिला, पायरोफॉस्फेटचे क्रिस्टल असे ठेवले की कमी होत जातात. ते म्हणाले सूज अजून आहे, परत काढून लगेच पाठवतो. संध्याकाळी ताजा थेंब आला. खोली अंधारी केली, बराच वेळ काही नाही, मग एका पेशीच्या कडेला आखूड, मंद चौकोन, स्लो अ‍ॅक्सिसला समांतर, निळा. फिरवला, पिवळा झाला. शेजारी अजून दोन होते.